ॲकॉस्टिक न्यूरोमाच्या ऑपरेशननंतर तोल : अंधारातली चाल

ॲकॉस्टिक न्यूरोमा म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची, कर्करोग नसलेली गाठ. ती काढताना त्या बाजूची तोल सांभाळणारी नस बहुधा कापली जाते. ही नस पुन्हा जुळत नाही. मेंदू मग दुसरा कान, डोळे आणि तळपायांच्या भरवशावर नव्याने हिशोब बसवतो. म्हणूनच वर्ष-दोन वर्षांनी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर ताठ चालणारा माणूस रात्री लाइट गेली की भिंत धरतो. आजार उलटला असं नसतं, डोळ्यांचा आधार सुटलेला असतो.

त्यामुळे व्यायाम सपाट, उजेडातल्या फेऱ्यांवर थांबवू नका. हात लांब करून अंगठा समोर धरा, नजर नखावर खिळवा आणि मान डावी-उजवीकडे फिरवा. नख धूसर होईल इतकी जोरात नको. थोडं गरगरणार, ते चालतं. पुढे गवतावर चाला, चालताना मान वळवून बाजूच्या झाडांकडे बघा. रविवार कारंजाची गर्दी त्यानंतर, सोबत कुणीतरी घेऊनच. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर मात्र हात धरायला लाजू नका.

रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा आणि घट्ट बसणारी चप्पल हवीच. जागरण, ताप, दमणूक झाली की जुना झोल परततो. विश्रांतीने बहुधा ओसरतो. चक्करची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी मेंदूचं हे शिकणंच मंदावतं. नव्याने तीव्र डोकेदुखी, नाकातून पाण्यासारखा स्राव किंवा चेहरा वाकडा दिसला तर वाट न बघता दवाखाना गाठा.