आरएक्स १०० चा कार्बोरेटर गळतोय? नवा घ्यायच्या आधी हे करून बघा

जुनी यामाहा आरएक्स १०० बाईक घेतली की पहिल्या आठवड्यातच सकाळी गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसतो, मेकॅनिककडे नेली की तो म्हणतो कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) गेला, नवा टाका. मलाही असंच सांगितलं होतं. माझी १९९४ ची गाडी आहे, वर ओरिजिनल मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर, आणि तो फेकून बाजारातला डुप्लिकेट बसवायला जीवच होईना म्हणून घरीच उघडला. निघाला फक्त गंजाचा एक कण, निडलच्या (आत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकाखाली अडकलेला. त्यामुळे ओरिजिनल कार्बोरेटर असेल तर प्लीज टाकू नका, आधी उघडून बघा.

गाडी पूर्ण थंड होऊ द्या, मोकळ्या हवेत काम करा, आसपास बिडी-सिगारेट, देवाचा दिवा काहीही नको. जुन्या गाडीत इन्शुलेशन निघालेल्या वायरी असतात म्हणून बॅटरीची एक तार काढूनच ठेवा.

आता उघडायच्या आधी गळतंय नक्की कुठून ते बघायचं, ही पायरी लोक सोडतात आणि मग उगाच सगळं खोलत बसतात. कार्बोरेटर कापडाने कोरडा पुसा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) ऑन करा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. पाईपच्या तोंडाशी ओल आली तर पाईप कडक झालाय, तो आणि क्लिप बदला, काम संपलं. खालच्या चेंबरच्या (पेट्रोल साठतं त्या वाटीच्या) जोडावरून पाझरत असेल तर पॅकिंग गेलंय. चेंबरच्या ड्रेन स्क्रूतून थेंब येत असेल तर त्याचा वॉशर. आणि ओव्हरफ्लोच्या बारीक नळीतून येत असेल तर फ्लोट (चेंबरमधला तरंगणारा भाग) वर येऊन जी निडल बंद करतो ती पेट्रोल अडवत नाहीये, बहुतेक वेळा हेच असतं. असं ओव्हर होणारं पेट्रोल इंजिनातही उतरतं, मग प्लग ओला होतो आणि किका मारून मारून पाय दुखतो.

कॉक बंद करून कार्बोरेटर काढा. ऑईल पंपाची बारीक नळी ओढू नका हं, ती निसटली किंवा तिच्यात हवा शिरली तर ऑईल न मिळाल्याने पिस्टन जाम होतो, टू-स्ट्रोकला याच्यापेक्षा मोठं दुखणं नाही. चेंबरचे स्क्रू जपानी पद्धतीचे असतात, साधा चार पट्टीचा स्क्रू ड्रायव्हर लावला की डोकी घासतात, म्हणून नीट बसणारा ड्रायव्हर घ्या, दाबून धरा, मग फिरवा. फ्लोटची पिन हळूच ढकला, ती ज्या खांबांत बसते ते मऊ धातूचे असतात, हातोडी लागली की तुटलेच समजा.

निडलचं टोक उजेडात धरून बघा. त्यावर गोल खाच पडलेली दिसली तर निडल आणि सीट (निडलचं टोक जिथे टेकून बसतं ते तोंड) जोडीनेच बदला, सीटखालचा वॉशरही नवा, कारण तिथूनही पेट्रोल चोरवाटेने खाली जातं. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल डुचमळलं तर भोक आहे. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले की कळतंच. जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा) साफ करताना तार किंवा सुई अजिबात घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग मायलेज आणि ट्युनिंग दोन्ही बिघडतं, क्लीनर मारा आणि हवा मारा बस. एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) काढणार असाल तर आधी पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवा.

जोडायच्या आधी एक टेस्ट. चेंबर न लावता कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने निडल बंद होईल, आता पेट्रोल येतं त्या तोंडाला स्वच्छ पाईप लावून फुंका. हवा जायला नको. जात असेल तर सीट अजून खराब आहे. हवा थांबते पण गाडीवर तरी ओव्हर होतंय, तरच फ्लोटची छोटी पट्टी केसभर वाकवायची, निडल थोडी लवकर बंद होईल अशी. सुरुवातच पट्टी वाकवण्यापासून करू नका.

आणि टाकी! कण टाकीतूनच आलेला असतो, ती साफ केली नाही तर महिन्याभरात गाडी परत गळणार. मी टाकी रिकामी करून रात्रभर पांढरं व्हिनेगर भरून ठेवलं, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात खडखडीत वाळवली, ओलसर राहिली की तासाभरात परत गंज धरते. कॉकची जाळीही साफ करा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून चेंबर रिकामा करून ठेवा. पाईप आणि पॅकिंग नवीन घेताना इथेनॉल चालणारंच मागा, दहा-वीस रुपये जास्त जातील, जाऊ देत.