किशोरवयीन मुलासाठी निवासी मानसोपचार केंद्र: प्रवेशाआधी काय तपासायचं

पंधरा-सोळा वर्षांचं मूल स्वतःला इजा करून घेतं, घरच्यांवर धावून जातं, शाळा कधीच सुटलेली असते. मग ‘कुठंतरी ठेवू या’ असं घरात बोललं जातं. त्याआधी एक पाहा: घरी राहून घ्यायचे उपचार सलग झालेत का? बरं वाटताच गोळ्या बंद केल्या, समुपदेशकाकडे दोनदाच गेलो, याला उपचार फसले असं म्हणत नाहीत.

कायदाही हेच विचारतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ८७ नुसार दाखल न करता करायचे उपाय अपुरे पडले असतील किंवा लागूच पडत नसतील, तरच १८ वर्षांखालच्या मुलाला दाखल करता येतं. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक अन्य डॉक्टर अथवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी, मुलाला दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासावं लागतं. फोनवरच ‘बॅग भरून आणा, जागा आहे’ म्हणणाऱ्या केंद्राने प्रवेश तपासणीआधीच ठरवून टाकलाय. मुलाला घरातून उचलून न्यायला गाडी पाठवतो म्हणाले, तर तिथंच थांबा.

नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. केंद्राच्या पाटीवर पुनर्वसन लिहिलेलं असो, हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या मुक्कामाची जागा) असो की व्यसनमुक्ती. मानसिक आजार किंवा व्यसनासाठी माणसांना ठेवून घेत असतील तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी हवीच. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्ट नोंदणी किंवा शॉप ॲक्टचा परवाना त्या जागी चालत नाही. प्रमाणपत्रावरचा पत्ता आणि तुम्ही उभे आहात ती इमारत एकच आहे ना, हेही बघा. शाखा दुसरीकडे आणि कागद पहिल्या जागेचा, असं होऊ शकतं. नोंदणीविना केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. महिन्याची फी पाहता एवढ्या दंडाला कोण भीक घालणार? म्हणून ही खात्री पालकांनीच करायची. मुलाला फक्त बौद्धिक अक्षमता असेल तर हा कायदा लागू होत नाही. तिथं दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खालची नोंदणी विचारा.

आता ज्यावर बहुतेक पालक फसतात तो मुद्दा. ‘पहिले दोन महिने भेट नाही, फोन नाही, नाहीतर मूल रुळत नाही’ असं सांगितलं जातं आणि दमलेल्या आईवडिलांना ते पटतंही. पण कलम ८७ नुसार अल्पवयीन मुलासोबत पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या सोबतीने पूर्ण काळ राहायचं असतं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत बाईमाणूस हवं. मुलांची राहण्याची सोय मोठ्या रुग्णांपासून वेगळी हवी. दाखल केल्याचं ७२ तासांत केंद्राने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (या कायद्याखालचं, रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारं मंडळ) कळवायचं, मुक्काम ३० दिवसांवर गेला की पुन्हा. ‘मंडळाला कळवल्याची प्रत आम्हाला मिळेल का?’ एवढंच विचारा आणि समोरच्याचा चेहरा पाहा.

जागा बघायला एकदा संध्याकाळी सातनंतर जा. दिवसा ऑफिसात सगळे असतात. रात्री किती मुलांमागे किती जागे कर्मचारी आहेत, डॉक्टर किती मिनिटांत पोहोचतो, हे विचारा. बाथरूमची कडी बाहेरून उघडते का, औषधांचं कपाट कुलपात आहे का, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या कुठं ठेवतात, हे स्वतः पाहा. मुलांची डोकी सरसकट भादरलेली दिसली तर परत फिरा. केस कापायची सक्ती कायद्यात बसत नाही.

‘मूल भडकलं तर काय करता?’ हा प्रश्न मावशीला, वॉचमनला आणि डॉक्टरांना वेगवेगळा विचारा. गर्दी बाजूला करतो, एकच जण हळू आवाजात बोलतो, काय झालं ते नंतर लिहून ठेवतो, असं उत्तर चांगलं. ‘खोलीत बंद करतो, आपोआप शांत होतो’ हे बेकायदा आहे. एकांतकोठडीला कायद्याने बंदी आहे. धरून किंवा बांधून ठेवणं फक्त तत्काळ धोका टाळण्यापुरतं, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून. शिक्षा म्हणून कधीच नाही. या नोंदींची वही दाखवायला सांगा. वर्षभरात एकही नोंद नसेल तर बहुधा नोंदच होत नाही.

औषधांचं विचारताना वजनाच्या तक्त्यावर या. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारख्या गोळ्यांनी मुलांचं वजन झपाट्याने वाढू शकतं. म्हणून सुरुवातीला वजन, कंबर, उपाशीपोटी रक्तातल्या साखरेची आणि चरबीची तपासणी, वजन दर महिन्याला, रक्त साधारण तीन महिन्यांनी. लिथियम (मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासतात, आणि उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं असतं. हे नर्सला तोंडपाठ असायला हवं.

करारात फी कशाकशाची ते वेगवेगळं लिहून घ्या: औषधं, रक्ततपासण्या, मानसशास्त्रज्ञाची सत्रं, शाळेचा अभ्यास. ‘मध्येच नेलं तर अनामत जप्त’ हे कलम खोडायला लावा. पालकाने मागणी केली की मुलाला सोडावंच लागतं. मुलाला घरी सोडतील त्या दिवशी हातात उपचारांचं सारांशपत्र, किमान दोन आठवड्यांची औषधं आणि सात दिवसांच्या आतली पुढच्या तपासणीची तारीख असायला हवी. मधल्या काळात रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही.