इंजिनाच्या आयुर्मर्यादित भागांची नोंद कशी तपासावी

नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून विमान-देखभालीच्या शिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्याने डिस्क, शाफ्ट अशा फिरत्या भागांची नोंद तपासताना प्रथम तास नव्हे, तर सायकली (एक उड्डाण आणि उतरणे म्हणजे एक सायकल) पाहाव्यात; कारण संभाजीनगर-मुंबई हे छोटे उड्डाण आणि मुंबई-लंडन हे लांबचे उड्डाण, दोन्ही सर्वसाधारणपणे एकेकच सायकल खातात.

भागाचा पार्ट क्रमांक आणि अनुक्रमांक नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळवावा. नंतर उत्पादकाच्या नियमावलीतील उड्डाणयोग्यता-मर्यादांच्या प्रकरणातून त्याच इंजिन-मॉडेलची मर्यादा, म्हणजे किती सायकलींनंतर भाग काढावाच लागतो तो आकडा, घ्यावी. मर्यादा २०,००० आणि वापर १७,४०० असल्यास २,६०० सायकली उरतात, म्हणजे रोज चार उड्डाणे धरल्यास ६५० दिवस. मात्र भाग पूर्वी वेगळ्या थ्रस्टच्या (पुढे ढकलणाऱ्या जोराच्या) इंजिनात बसवलेला असेल, तर ही सरळ वजाबाकी चालत नाही. तेव्हा उत्पादकाने दिलेल्या पद्धतीनेच हिशेब करावा.

खरी कसोटी जुन्या कागदांची असते. भाग नवा असल्यापासूनची नोंदींची साखळी मधेच तुटली, तर तो कितीही चकचकीत दिसो, बसवू नये.

मर्यादा संपलेली नाही म्हणून तपासणी टाळणे हेही घातकच. १९८९ मध्ये अमेरिकेतील सू सिटी येथे कोसळलेल्या डीसी-१० विमानाच्या इंजिनातील पंख्याची डिस्क मर्यादेच्या आतच होती. धातूतील मूळ दोषातून वाढलेली भेग तपासणीत सुटली होती.