चौ श्वेन यांच्या गाण्यांची श्रवणसंध्या : आधी करावयाची तयारी

चीनमधील बोलपटांच्या पहिल्या काळातील गायिका-अभिनेत्री चौ श्वेन यांच्यावर दोन तासांची श्रवणसंध्या करावयाची असेल, तर तयारीला किमान तीन आठवडे द्यावेत आणि सुरुवात त्यांच्या दुःखापासून नव्हे, तर आवाजापासून करावी. अनाथपण, मोडलेला संसार, मनोविकार आणि अकाली मृत्यू हे सगळे त्यांच्या वाट्याला आले, हे खरेच आहे. परंतु निवेदक त्यातच रमला की गाणी पार्श्वसंगीतापुरती उरतात. दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या आणि चाळीसहून अधिक चित्रपटांत काम करणाऱ्या कलावतीवर तो अन्याय ठरेल.

प्रथम नावाचा उच्चार ठरवावा. इंग्रजी अक्षरांवरून ‘झोऊ झुआन’ असे वाचण्याची चूक हमखास होते. त्यांचे आडनाव आणि चीनचे माजी पंतप्रधान चौ एन लाय यांचे आडनाव एकच असून ते मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे, म्हणून ‘चौ श्वेन’ असेच म्हणावे आणि संहितेत, फलकावर व निमंत्रणपत्रिकेत तेच लिहावे. नावामागची हकिगतही तयार ठेवावी, कारण कार्यक्रमाचा प्रारंभ तिथूनच सहज होतो. च्यांगसू प्रांतातील छांगचौ येथे जन्मलेली ही मुलगी अगदी लहानपणी आईवडिलांपासून दुरावली, परक्या घरांत वाढली आणि शांघायच्या चौ कुटुंबात आल्यावर श्याओ होंग या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे ती संगीतकार ली चिन-हुइ यांच्या ‘मिंग-युए’ म्हणजे ‘उज्ज्वल चंद्र’ या नृत्यगान मंडळीत दाखल झाली. तिथे तिने गायलेल्या एका देशभक्तिपर गीतात रणांगणावर शत्रूशी झुंजण्याच्या अर्थाचा ‘चौ-श्वेन’ असा शब्द होता, आणि त्याच ध्वनीवरून, रत्नवाचक अक्षर योजून, तिला नवे नाव मिळाले. जन्मवर्ष काही ठिकाणी १९१८ तर काही ठिकाणी १९२० असे छापलेले आढळते; फलकावर दोन्ही द्यावीत, एकच निवडून वाद ओढवून घेऊ नये.

गाण्यांची निवड करताना १९३४ सालच्या शांघायमधील नभोवाणी गायिकांच्या स्पर्धेचा उल्लेख जरूर घ्यावा. त्या स्पर्धेत पाय होंग पहिल्या आणि चौ श्वेन दुसऱ्या आल्या होत्या, हे मुद्दाम सांगावे, कारण ‘सोनेरी कंठ’ ही लोकांनी दिलेली पदवी मात्र दुसऱ्या आलेल्या मुलीलाच कायमची चिकटली. त्यांचा आवाज बारीक, कोवळा आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ राहून गाणारा होता. म्हणूनच सभागृहातील ध्वनियोजना आदल्या दिवशी स्वतः तपासावी. जुन्या तबकड्यांची खरखर काढून टाकण्यासाठी वरच्या पट्टीतील ध्वनी कमी केला, तर खरखरीबरोबर त्यांचा श्वासही नाहीसा होतो, आणि या गायनाचे निम्मे सौंदर्य त्या श्वासातच आहे. थोडी खरखर राहू द्यावी. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे, त्यामुळे बारा गाणी घेतली तरी जेमतेम चाळीस मिनिटे लागतात आणि उरलेला वेळ निवेदनाला व चित्रफितींना मिळतो. त्यांच्या बहुसंख्य तबकड्या पाथे कंपनीने काढल्या. त्या कंपनीच्या शांघायमधील आवारातील लाल विटांची छोटी इमारत श्यू-च्या-हुइ भागातील उद्यानात आजही उभी आहे. तिचे छायाचित्र मिळवून ठेवावे.

सर्वाधिक तयारी १९३७ सालच्या ‘रस्त्यावरची देवदूत’ या चित्रपटासाठी करावी लागेल, आणि वेळ कमी पडला तर इतर सर्व कापावे, पण हा भाग कापू नये. दिग्दर्शक युआन मू-ची यांच्या या चित्रपटात चौ श्वेन यांनी ईशान्य चीनमधून परागंदा होऊन शांघायच्या चहाघरात गाणाऱ्या मुलीची भूमिका केली आहे. त्या पात्राचे नावही श्याओ होंग, म्हणजे त्यांचे स्वतःचेच बालपणीचे नाव आहे. समोर तुतारीवाल्या तरुणाच्या भूमिकेत चाओ तान आहेत. चित्रपटातील दोन्ही प्रसिद्ध गाणी कवी थ्येन हान यांनी लिहिली आणि हो लू-थिंग यांनी सूचौकडील लोकधुनांवरून बांधली. ‘चार ऋतूंचे गीत’ दाखवण्यापूर्वी त्याच्या चारही कडव्यांचा मराठी भावार्थ छापून प्रत्येक श्रोत्याच्या हाती द्यावा, कारण वरवर पाहता हे भरतकाम करणाऱ्या मुलीचे ऋतुगीत वाटते. वसंतात बदकांची जोडी ताटातूट होऊन दोन दिशांना फेकली जाते. ग्रीष्मात दक्षिणेचा रम्य देखावा पाहूनही तिला आपल्या गावाकडची ज्वारीची उंच हिरवी शेते आठवतात. शरदात चंद्र पाहून गाव आठवते. हिवाळ्यात रक्तामांसाने उभ्या राहणाऱ्या महाभिंतीची प्रतिमा येते. १९३१ साली जपानने ईशान्य चीन व्यापला होता आणि पडद्यावर त्याविषयी उघड बोलणे कठीण होते, म्हणून जे संवादात आणता आले नाही ते गाण्यात आले. शेवटच्या कडव्यातील ती प्रतिमा थ्येन हान यांच्याच १९३५ सालच्या ज्या गीतात आधी येऊन गेली, तेच गीत पुढे चीनचे राष्ट्रगीत झाले, एवढे एक वाक्य निवेदनात पुरेसे आहे. चित्रपट जुलै १९३७ मध्ये प्रदर्शित झाला आणि ऑगस्टमध्ये शांघायमध्ये युद्ध पेटले, हा तारखांचा क्रम मात्र स्पष्टपणे सांगावा.

दुसरे गाणे, म्हणजे ‘दिगंताची गायिका’, चित्रपटात दोनदा येते. एकदा खिडकीतून, समोर वाद्य वाजवणाऱ्या प्रियकराकडे पाहून हसत, आणि पुढे त्याच प्रियकराच्या रागापुढे, अपमान गिळत. दोन्ही तुकडे लागोपाठ दाखवावेत आणि मध्ये काहीही बोलू नये. शब्द तेच, चाल तीच, पण आवाजातील बदल ऐकणाऱ्याला आपोआप कळतो. पार्श्वगायन अजून रूढ न झालेल्या काळात अभिनय आणि गाणे एकाच देहातून येत होते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. आपल्याकडे त्याच दशकात शांता आपटे स्वतःच्या आवाजात गात अभिनय करीत होत्या, त्यामुळे मराठी श्रोत्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

युद्धकाळातील चित्रपटांपैकी १९४० सालच्या चित्रपटात त्यांनी केलेली चतुर दासी होंगन्यांगची भूमिका आणि तिचे खट्याळ गाणे ठेवावे, म्हणजे करुण गाण्यांच्या रांगेत श्रोत्याला मोकळा श्वास मिळेल. ‘तुम्ही पुन्हा कधी परताल’ हे १९३७ सालचे गाणे वाजवायचे असल्यास निवेदकाने आधी नीट वाचन करावे. निरोपाच्या या साध्या गीतावर वेगवेगळ्या राजवटींनी वेगवेगळ्या कारणांनी संशय घेतला; पुढे ली श्यांग-लान यांनी आणि कित्येक वर्षांनी तेरेसा तेंग यांनी ते गायले, आणि नव्या श्रोत्यांना बहुधा तेंग यांचाच आवाज आठवेल. त्यामुळे मूळ गायिका कोण, हे गाणे सुरू होण्याआधीच सांगावे.

१९४७ सालच्या एका हाँगकाँगच्या चित्रपटातील ‘रात्रीचे शांघाय’ आणि ‘फुलांसारखी वर्षे’ ही छन क-शिन यांची दोन गाणी मध्यंतरानंतर लगेच घ्यावीत. शांघायचे सर्वांत प्रसिद्ध गाणे हाँगकाँगमध्ये बनलेल्या चित्रपटातून आले, ही बाब युद्धोत्तर स्थलांतराची आठवण करून देते. वाँग कार-वाय यांच्या २००० सालच्या चित्रपटाचे चिनी नाव दुसऱ्या गाण्यावरूनच घेतलेले आहे आणि ते गाणे त्यात रेडिओवर ऐकू येते, त्यामुळे सभागृहातील तरुण श्रोते ते ओळखतील. १९४८ साली चू श-लिन यांच्या चित्रपटात त्यांनी केलेल्या चेन या राजपत्नीच्या भूमिकेतील एखादा प्रवेशही दाखवावा. हा चित्रपट पुढे सांस्कृतिक क्रांतीत राजकीय हल्ल्याचे लक्ष्य ठरला, हे एका वाक्यात उरकावे.

अखेरच्या वर्षांचे निवेदन आधी लिहून काढावे आणि मोठ्याने वाचून पाहावे, ऐनवेळी तोंडाला येईल ते बोलू नये. १९५० मध्ये त्या शांघायला परतल्या, १९५१ मध्ये एका चित्रपटाचे काम चालू असताना त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले, अनेक वर्षे उपचार चालले आणि प्रकृती सुधारत असतानाच मेंदूच्या दाहाने २२ सप्टेंबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या खाजगी आयुष्यातील पुरुषांची नावे, मुलांविषयीचे वाद आणि इस्पितळातील किस्से यांना संहितेत स्थान देऊ नये. या चार ओळी वाचून झाल्यावर सभागृहातील दिवे मंद करावेत आणि ‘चार ऋतूंचे गीत’ पुन्हा एकदा, या वेळी पडद्याविना, फक्त तबकडीवरून वाजवावे. तबकडी संपल्यावर सुई उचलण्याची घाई करू नये, आणि दिवे लावणाऱ्या सहकाऱ्याला ही सूचना आधीच देऊन ठेवावी.