हॅकाथॉननंतर रेपो ओस का पडतात? ब्लॉकचेनवर डेव्हलपर टिकवायचे तर या चुका टाळा

ब्लॉकचेन चालवणाऱ्या टीमची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. हॅकाथॉनला, म्हणजे कोडिंगच्या स्पर्धेला, गर्दी झाली, बक्षिसं वाटली, फोटो निघाले आणि दोन महिन्यांत सगळे रेपो (प्रकल्पांच्या कोडचे साठे) थंड पडले. मग पुढच्या वेळी बक्षिसाची रक्कम वाढते. माझ्या अनुभवात दुखणं तिथे नसतं. डेव्हलपर जातो तो पहिल्या पंधरवड्यात, कुठल्या तरी किरकोळ जागी अडकून, आणि जाताना कुणाला सांगत नाही.

पहिल्या व्यवहाराआधीच दमछाक

लक्षण ओळखणं सोपं आहे. डॉक्युमेंटेशनची पानं भरपूर वाचली जातात, पण टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या ब्लॉकचेनवर, नवे कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्रॅम) मोजकेच चढतात.

सगळ्यात आधी फॉसेट, म्हणजे सरावाची नाणी फुकट देणारी साइट, तपासा. इथेरियमच्या गोअर्ली टेस्टनेटवर नाण्यांची इतकी टंचाई झाली होती की फेब्रुवारी २०२३ मध्ये सरावाच्या एका इथरला (इथेरियमच्या नाण्याला) डॉलरहून जास्त भाव आला. होलेस्की टेस्टनेट काढताना सुरुवातीलाच १.६ अब्ज इथर ठेवले गेले, ते ही टंचाई पाहूनच. तरी आजही बरेच फॉसेट, बॉट रोखण्यासाठी, तुमच्या मेननेट (खऱ्या नेटवर्कवरच्या) वॉलेटमध्ये थोडं खरं इथर असण्याची अट घालतात. अटीमागचं कारण मला पटतं. पण नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने काय करायचं? आधी एक्स्चेंजवर खातं, पॅन, आधार, केवायसी आणि मग पहिला धडा? कॉलेजचा ईमेल, गिटहब (कोड ठेवण्याची साइट) खात्याचं वय किंवा शिक्षकांकडे दिलेले कूपन कोड, असा एखादा दुसरा दरवाजा उघडा ठेवा.

मग एक प्रयोग करा. टीमबाहेरच्या कुणाला तरी कोरा लॅपटॉप आणि फक्त तुमची डॉक्युमेंटेशन द्या, शेजारी बसा, घड्याळ लावा आणि तोंड उघडू नका. एका टीमबरोबर मी हे केलं, तेव्हा चौथ्याच कमांडला एरर आली. त्या पॅकेजचं नाव त्यांनी स्वतःच आठ महिन्यांपूर्वी बदललं होतं. पान मात्र जुनंच राहिलं होतं, आणि इतके दिवस एकानेही तक्रार केली नव्हती. आलेले सगळे मुकाट निघून गेले होते.

मेलेली ट्युटोरियल

रॉपस्टन, रिंकबी, गोअर्ली ही तिन्ही टेस्टनेट बंद झाली. ट्रफल आणि गनाश ही कॉन्ट्रॅक्ट लिहिण्या-तपासण्याची साधनं बंद होणार असल्याची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. वेबथ्री डॉट जेएस ही लायब्ररी मार्च २०२५ पासून वाऱ्यावर आहे. पण सर्चमध्ये आजही हीच नावं असलेले धडे वर येतात आणि नवशिक्याला वाटतं, चूक आपलीच. प्रत्येक पानावर ‘या आवृत्तीवर, या तारखेला चालवून पाहिलं’ अशी ओळ टाका. धड्यातला कोड दर आठवड्याला आपोआप चालवून तपासा. जुनं पान उडवू नका, त्यावर नव्या पानाची वाट दाखवा.

पैशाने परिसंस्था उभी राहते हा समज

ईओएस या ब्लॉकचेनचं उदाहरण मला नेहमी आठवतं. ती बनवणाऱ्या ब्लॉक.वन कंपनीने वर्षभर टोकन विकून सुमारे ४ अब्ज डॉलर उभे केले आणि १ अब्जाहून अधिक रक्कम या परिसंस्थेत गुंतवण्याची घोषणा केली. पण त्या साखळीवर खातं उघडायला, कॉन्ट्रॅक्ट चढवायला रॅम (साखळीवरची साठवणुकीची जागा) विकत घ्यावी लागायची. जुलै २०१८ मध्ये सट्टेबाजांनी ती साठवली आणि भाव कित्येक पट चढला. ज्यांना काही बांधायचं होतं, त्यांना ज्यांना काहीच बांधायचं नव्हतं त्यांच्याकडून जागा घ्यावी लागली. तुमच्या साखळीवर बांधणाऱ्याला कुठल्या सट्ट्याचा भुर्दंड पडतोय, हे तपासा.

उलट सोलाना या ब्लॉकचेनकडे बघा. एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज कोसळल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या सोल नाण्याचा भाव १० डॉलरखाली गेला. रस्ट या भाषेत लिहिणं कठीण, त्यात नेटवर्क अधूनमधून बंद पडायचं. तरीही काम करणारे मोठ्या संख्येने राहिले. माझ्या मते अँकरसारख्या फ्रेमवर्कने (कोडच्या तयार साच्याने) कंटाळवाणा कोड कमी केला आणि बांधणाऱ्यांना एकमेकांची ओळख होती, म्हणून.

आकडा मोजला, माणूस निसटला

कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) किंवा पुल रिक्वेस्टच्या (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांच्या) संख्येला बक्षीस जोडलंत की तेवढाच आकडा मिळतो. ऑक्टोबर २०२० मधल्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमाला एका टी-शर्टपायी रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द बदलणाऱ्या रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. तिथे टी-शर्ट होता, टी (tea) प्रोटोकॉल या ओपन सोर्स कामाला बक्षीस देणाऱ्या प्रकल्पाच्या वेळी टोकन होतं. त्यासाठी एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर) पोकळ पॅकेजचा कचरा झाला. २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या संशोधकांना अशी दीड लाखांहून जास्त पॅकेज सापडली. नोंदणी मोजू नका. हॅकाथॉननंतर ९० दिवसांनी किती जण त्याच कोडवर काम करताहेत, तेवढंच बघा.

ग्रँट दिली, पण हातात काय पडलं?

इलेक्ट्रिक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीच्या अहवालानुसार २०२४ मध्ये या क्षेत्रात आलेल्या नव्या डेव्हलपरांत भारताचा वाटा सर्वाधिक, सुमारे १७ टक्के होता. त्यामुळे ग्रँट (कामासाठीचं अनुदान) देणाऱ्याला, तो जगात कुठेही असो, इथली करव्यवस्था माहीत हवी. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो, हस्तांतरावर १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. टोकनमध्ये दिलेली ग्रँट विकेपर्यंत भाव अर्ध्यावर आला, तर पुण्यात घरभाडं भरणाऱ्याचं गणित कोलमडतं. बँकेत रक्कम घेण्याचा पर्याय द्या. टप्पा मंजूर झाल्यावर किती दिवसांत पैसे येणार, ते करारात लिहा आणि पाळा.

डिस्कॉर्डवरची शांतता

डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर प्रश्न विचारून दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही, तर तो मुलगा तिसऱ्या दिवशी दुसऱ्या साखळीवर असतो. मूळ कोड लिहिणाऱ्यांपैकी एकाने रोज तासभर तिथे बसावं. हे काम मार्केटिंगकडे ढकलू नका.

आणि गेल्या वर्षभरात जे आले आणि थांबले, त्यांतल्या दहा जणांना या आठवड्यात फोन करा. परत बोलावू नका. शेवटचं काय करत होतात, कुठे अडकलात आणि कुणाला विचारलंत, एवढंच विचारा.