नाशिकला समुद्र नाही, तरी बीच व्हॉलीबॉलची फ्रँचायझी स्वतःच्या पायावर कशी उभी करायची

मी गावोगावच्या मॅटवर आणि मातीवर खेळत मोठा झालो, नंतर वाळूवर आलो, आणि गेली काही वर्षं एकच विचार डोक्यात आहे की आपल्याकडं बीच व्हॉलीबॉल, म्हणजे वाळूवरचा दोघादोघांच्या जोडीचा व्हॉलीबॉल, खेळून पोरापोरींचं घर चालायला पाहिजे. आमदार-खासदारांनी एकदा दिलेल्या बक्षिसावर नाही, दर महिन्याला. त्यासाठी जिल्हावार टीमची लीग, प्रत्येक टीमला स्वतःचा मालक, म्हणजेच फ्रँचायझी, हाच रस्ता मला दिसतो, आणि तो कसा करायचा ते हिशोबासकट लिहितोय. आकडे मी हिशोबापुरते धरलेत, तुमच्या जिल्ह्यात थोडं वरखाली होईल, पण गणित कुठं जुळतं आणि कुठं मोडतं ते कळेल.

आधी अमेरिकेचं बघा, कारण हा खेळ प्रोफेशनल तिथंच मोठा झाला. एव्हीपी नावाची त्यांची टूर १९८३ ला सुरू झाली, १९९६ ला अटलांटात बीच व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आला, आणि एवढं सगळं असून २०१० ला भर सीझनमध्ये पैसे संपले म्हणून ती टूर बंद पडली. पुढं मालक बदलले, पुन्हा सुरू झाली, आणि २०२४ ला त्यांनी ८ शहरांच्या टीम काढल्या, प्रत्येक टीममध्ये पुरुषांची एक जोडी आणि महिलांची एक जोडी. मला यातून कळलं ते असं की टूर आज इथं उद्या तिथं, तिचं गाव नसतं, खेळाडू स्वतःच्या खर्चानं फिरतो आणि हरला तर रिकाम्या हातानं घरी जातो, मोठा प्रायोजक गेला की सगळं कोसळतं. टीमला गाव असलं की दुकानदार, शाळा, पालक, गल्लीतली पोरं सगळी थोडी थोडी तिची होतात. प्रो कबड्डी लीगचं २०१४ पासून आपण डोळ्यानं बघतोय, पुणेरी पलटण म्हटलं की पुण्याचा माणूस ऐकतो. क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्येही २०२३ पासून नाशिकची टीम आहे, म्हणजे नाशिकच्या नावावर टीम चालते हे नवीन नाही.

समुद्र नाही याची काळजी करू नका. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रोईंग करत २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला. आपल्याला तर फक्त वाळू पाहिजे.

तर पहिलं काम वाळू. कोर्ट १६ बाय ८ मीटर, चारही बाजूंनी किमान ३ मीटर मोकळी जागा, म्हणजे २२ बाय १४, आणि वाळूची खोली किमान ४० सेंटिमीटर. गुणाकार केला तर साधारण १२३ घनमीटर, आपल्या भाषेत ४३-४४ ब्रास. चार ब्रासचा डंपर धरला तर अकरा खेपा. क्रश सँड अजिबात घालू नका, ती बांधकामाची, तिला धार असते, पाय सोलून निघतात. धुतलेली, चाळलेली, गोल दाण्याची, खडा आणि धूळ नसलेली वाळू लागते. आणि रॉयल्टीची पावती घेतल्याशिवाय एकही डंपर आत घेऊ नका, वाळूच्या बाबतीत महसूल खातं कधी येईल सांगता येत नाही आणि अकॅडमीच्या नावाला पहिल्याच महिन्यात डाग नको. खाली खडी आणि जिओटेक्स्टाइलचा, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या कापडाचा, थर टाका, नाहीतर जून ते सप्टेंबर तिथं डबकं होईल.

जागा कुठं? सिंहस्थ जवळ आलाय, तपोवन आणि गोदाकाठच्या मोकळ्या जागांवर नजर ठेवू नका. मी म्हणतो लग्नाची लॉन्स बघा. गंगापूर रोडला, संभाजीनगर रोडला एवढी लॉन्स आहेत, पार्किंग आहे, लाइट आहे, जनरेटर आहे, स्वयंपाकाची जागा आहे, टॉयलेट आहेत, आणि पौषात लग्नं नसतात म्हणून सगळं रिकामं पडलेलं असतं. मालकाशी पाच वर्षांचा करार करा, मागच्या कोपऱ्यात कोर्ट कायमचं, आणि पौषातला एक शनिवार-रविवार पूर्ण लॉन आपलं. त्याला भाडं मिळतं, आपल्याला स्टेडियम मिळतं. त्यातही जानेवारीत नाशिकची हवा खेळायला सोन्यासारखी, फक्त रात्री वाळू बर्फासारखी गार पडते म्हणून मॅचेस दुपारी तीनला सुरू करून आठच्या आत संपवायच्या.

आता लीगचा आकार. सहा जिल्हे पुरेत. समजा नाशिक, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, रत्नागिरी. प्रत्येक जिल्हा एक वीकेंड भरवणार, सहाही टीम तिथं येणार, म्हणजे सहा वीकेंडमध्ये लीग संपली. डिसेंबर-जानेवारीत उरकायची, कारण फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा आणि मार्चपासून आयपीएल, मग आपल्याकडं कोण बघणार. एका लढतीत पुरुष जोडीची मॅच, महिला जोडीची मॅच, आणि एक-एक बरोबरी झाली तर मिक्स जोडीचा एक १५ पॉइंटचा सेट. हा मिक्स सेट माझ्या मते सगळ्यात जास्त लोक खेचणार. महिला आणि पुरुष दोघांचं मानधन सारखं ठेवा, यावर तडजोड नको, कारण लढत जिंकायला दोघांचं वजन सारखंच आहे. पालक कपड्यांवरून काचकूच करतात, त्यांना शांतपणे सांगा की २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमात शॉर्ट्स आणि बाह्यांचा टॉप चालतो, कुणावर काही सक्ती नाही.

कागदपत्रांचं आधी करा, नंतर नाही. २०१९ ला आपल्याकडं प्रो व्हॉलीबॉल लीग झाली, ६ टीम होत्या, लोकांना आवडली, पण फेडरेशन आणि आयोजकांचं बिनसलं आणि एकाच सीझनवर संपली. मग २०२२ ला प्राइम व्हॉलीबॉल लीग वेगळ्या रचनेनं आली, त्यात टीमचे मालकच लीगचे भागीदार. आपणही तेच करायचं, सहा मालकांची एक कंपनी, सगळ्यांचा हिस्सा सारखा, टायटल स्पॉन्सर आणि यूट्यूबचे जे काही पैसे येतील ते सहा समान भागात, पहिल्या आलेल्याला जास्त असं नाही, नाहीतर पुणे श्रीमंत होईल आणि रत्नागिरी दुसऱ्या वर्षी बंद. व्हॉलीबॉल संघटनेशी लेखी करार करा, त्यात पंच कोण देणार, खेळाडूला शिबिरासाठी कधी सोडायचं, करार मोडला तर काय, सगळं लिहून.

आता खरा मुद्दा, पैसा. बीच व्हॉलीबॉलचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे टीम छोटी असते. कबड्डीला डझनभर खेळाडू पोसावे लागतात, इथं ४ मुख्य आणि २ राखीव, बस. ६ जणांना महिना २५ हजार, ४ महिने, झाले ६ लाख. कोच आणि फिजिओ मिळून महिना ७० हजार, ते २ लाख ८०. बाहेरचे पाच वीकेंड, दहा माणसं, ट्रॅव्हलर आणि लॉज, प्रत्येकी ६० हजार धरा, ३ लाख. घरचा वीकेंड, म्हणजे गॅलरी, साउंड, जास्तीचे लाइट, ४ लाख. लीगची फी २ लाख, त्यातून पंच आणि स्ट्रीमिंग. किट, विमा, औषधं १ लाख २०. एकूण १९ लाख.

येणार कुठून? टीव्हीचा एक रुपयाही धरू नका. खरंच सांगतो, पहिली तीन वर्षं तो रकाना कोराच ठेवा. आणि तिकिटांवरही फार आशा नको, ६०० खुर्च्या, त्यातल्या ७० टक्के भरल्या, १०० रुपये तिकीट, दोन दिवस, तरी ८४ हजारच होतात. तिकीट ठेवायचं ते शिस्तीसाठी, फुकटचं लोक सोडून जातात.

पैसा येतो तालुक्यातून. ज्यांनी शूटिंग व्हॉलीबॉलच्या, म्हणजे गावाकडच्या व्हॉलीबॉल प्रकाराच्या, स्पर्धा बघितल्यात त्यांना हे समजावायची गरज नाही, तिथं बॅनरवर पहिलं बक्षीस यांच्यातर्फे, दुसरं त्यांच्यातर्फे, चषक अमुक यांच्या स्मरणार्थ, बॉल अमुक कृषी सेवा केंद्राकडून, असं शे-दीडशे रुपयांपासून लाखापर्यंत अख्खं गाव त्यात असतं. फ्रँचायझीनं हेच जिल्हाभर करायचं. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर इथं पैसे मागायला जाऊ नका, तिथं खेळाडू शोधायला जा, सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं, त्या डोंगरातल्या पोरापोरींचे पाय वाळूसाठीच बनलेत. उरले १२ तालुके, प्रत्येकातून एक प्रायोजक ५० हजारांचा. पिंपळगावचा ड्रिपवाला, दिंडोरीचा औषधवाला, मालेगावचं बाइकचं शोरूम, सटाण्याचा सराफ, इगतपुरीचं रिसॉर्ट. झाले ६ लाख. आणि जायचं कधी तर दिवाळीच्या आधी नाही, ऑक्टोबर छाटणीनंतर. तेव्हापासून द्राक्षवाल्यांना औषधं-खतं विकणाऱ्या कंपन्यांना शेतकऱ्यापर्यंत पोचायचं असतं, आणि आपली लीग बरोबर त्याच महिन्यांत आहे. बदल्यात त्यांना नुसता बॅनर देऊ नका. सीझनच्या आधी खेळाडू एक दिवस त्या तालुक्यात जाणार, शाळेत खेळून दाखवणार, दुकानासमोर फोटो काढणार, हे करारात लिहून द्या आणि पाळा.

जर्सीवरचा मोठा प्रायोजक ६ लाख. नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या कंपन्यांकडं जा, पण एक गोष्ट नीट समजून घ्या, लोक इथं फसतात. कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी कायद्यानं ठेवायच्या पैशातून, टीमच्या जर्सीला पैसे देऊ शकत नाही, जाहिरातीचा फायदा मिळेल असं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये मोजत नाहीत. मात्र ऑलिंपिक खेळाचं प्रशिक्षण सीएसआरमध्ये बसतं. म्हणून पेठ-सुरगाण्याच्या मुलांचं मोफत प्रशिक्षण वेगळं, ते एखाद्या जुन्या, कामाचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत, तिचं खातं वेगळं. जर्सीचे पैसे मार्केटिंगच्या बजेटमधून, त्यावर १८ टक्के जीएसटी. दोन खिसे एकत्र करू नका, सीएला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या.

आणि वर्षभर पोसणारी गोष्ट म्हणजे अकॅडमी. ६० मुलं, महिना हजार रुपये, १० महिने, ६ लाख. संध्याकाळी कोर्ट तासावर द्या, ५०० रुपये तास, रोज ३ तास, महिन्यात २० दिवस, ८ महिने, २ लाख ४०. आयटीवाले, डॉक्टर, कॉलेजची पोरं येतात, एकदा वाळूत पडायची मजा कळली की सोडत नाहीत. घरच्या वीकेंडला १२ स्टॉल ५ हजारांनी, ६० हजार, त्यात चुलीवरची मिसळ पाहिजेच, सकाळी मिसळ खायला आलेलं कुटुंब दुपारच्या मॅचला थांबतं.

बेरीज २१ लाख ८४ हजार. त्यातून अकॅडमीचा कोच, पाणी, लाइट, वाळू ओढणं असे अडीच लाख गेले, उरले १९ लाख ३४. खर्च १९. म्हणजे पहिल्या वर्षी काठावर, आणि कोर्ट बांधायला मालकानं घातलेले पैसे तर सुटतच नाहीत. ते मालकाला तोंडावर सांगा. दुसऱ्या वर्षी ४० मुलं वाढली की ४ लाख वाढतात, तिथून कोर्ट फिटायला लागतं. ज्याला एका वर्षात पैसे पाहिजेत त्याला फ्रँचायझी देऊ नका, कितीही मोठं नाव असलं तरी.

जर्सीवाला प्रायोजक आलाच नाही तर ६ लाखांचं भोक पडतं. म्हणून क्रम पाळा. आधी अकॅडमी सहा महिने चालवा, मग तालुके, मग जर्सी, आणि सगळ्यात शेवटी खेळाडूंचे करार. आपल्याकडं उलटं होतं, आधी लिलाव, हॉटेलात फटाके, आणि मग पैसे शोधायला पळापळ.

मी स्वतः एका स्पर्धेत फायनल जिंकलो, स्टेजवर पुठ्ठ्याचा मोठा चेक हातात दिला, फोटो झाले, खरे पैसे "पुढच्या आठवड्यात" म्हणाले, आजपर्यंत आले नाहीत, आणि माझा जोडीदार त्या वर्षी खेळ सोडून कंपनीत लागला. म्हणून माझी अट एकच आहे आणि ती लीगच्या नियमात पहिल्या पानावर पाहिजे: सहाही टीमच्या खेळाडूंचं पूर्ण मानधन, म्हणजे प्रत्येक टीमचे ६ लाख, पहिल्या मॅचच्या एक महिना आधी वेगळ्या बँक खात्यात जमा, दोन सह्यांशिवाय निघणार नाही, त्यातली एक सही खेळाडूंच्या प्रतिनिधीची. ज्या मालकाचे जमले नाहीत त्याच्या टीमचं नाव वेळापत्रकात टाकायचं नाही.