डेटाबेसच्या तक्त्यातून पाय चार्ट कसा काढावा

दहावीच्या गणितात वृत्तालेख काढताना आपण घटकाची संख्या भागिले एकूण, गुणिले ३६० असं करून कोन काढायचो आणि कोनमापकाने वर्तुळाचे भाग पाडायचो. डेटाबेसमधून पाय चार्ट काढणारी साधनंही हेच करतात. मी मेटाबेस वापरतो. ते मुक्त स्रोत आहे, स्वतःच्या संगणकावर फुकट चालतं आणि एसक्यूएलची (डेटाबेसकडून माहिती मागवायच्या भाषेची) एकही ओळ न लिहिता काम होतं.

संगणकावर जावा (मेटाबेस ज्याच्या आधाराने चालतं ते सॉफ्टवेअर) असायला हवं. मेटाबेसची जार फाईल (जावाचा प्रोग्रॅम असलेली फाईल) उतरवून घ्या, तिच्यासाठी वेगळं फोल्डर करा आणि टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) ती त्याच फोल्डरमध्ये चालवा. मेटाबेस आपल्या नोंदी ठेवायला त्याच जागी एक छोटा डेटाबेस तयार करतं. नंतर साफसफाई करताना ती फाईल उडवली, तर जतन केलेले सगळे चार्ट जातील. मग ब्राउझरमध्ये localhost:3000 (लोकलहोस्ट म्हणजे आपलाच संगणक, ३००० हा पोर्ट) उघडा आणि खातं तयार करा. स्वतःचा डेटाबेस जोडायची घाई नको, ती पायरी सध्या टाळता येते.

आधी सरावाच्या माहितीवर हात बसवा. मेटाबेससोबत सॅम्पल डेटाबेस येतो आणि त्यात ऑर्डर्स, पीपल, प्रॉडक्ट्स, रिव्ह्यूज असे तक्ते असतात. ‘न्यू’ दाबून ‘क्वेश्चन’ घ्या आणि ऑर्डर्स तक्ता निवडा. ‘समराइझ’मध्ये ओळींची मोजणी घ्या आणि ती प्रॉडक्टच्या कॅटेगरीनुसार करायला सांगा. ‘व्हिज्युअलाइझ’ दाबलं की बहुधा स्तंभालेख समोर येईल. खाली डावीकडच्या ‘व्हिज्युअलायझेशन’ बटणातून ‘पाय’ निवडा. मधे पोकळ असलेलं कडं दिसेल आणि पोकळीत एकूण आकडा.

आता त्या कड्याकडे नीट बघा. माझ्याकडे विजेटच्या ५,०६१ ऑर्डर आल्या, गॅजेटच्या ४,९३९, गिझमोच्या ४,७८४ आणि डूहिकीच्या ३,९७६. एकूण १८,७६०. डूहिकीचा भाग लहान आहे हे लगेच कळतं. पण बाकी तिघांत मोठा कोण? विजेटचा कोन सुमारे ९७ अंश आणि गिझमोचा ९२, म्हणजे फरक जेमतेम पाच अंशांचा. नुसत्या नजरेने तो सांगणं अवघड. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की कोनापेक्षा एकाच रेषेवरून मोजलेल्या लांबीचा अंदाज माणसाला जास्त अचूक येतो. म्हणून क्रमवारी सांगायची असेल तर सरळ स्तंभालेखच ठेवा. ‘पाचातला एक भाग डूहिकीचा’ असं सांगायचं असेल तर पाय चार्ट उत्तम. सेटिंगमध्ये जाऊन टक्केवारी चार्टवरच दाखवायला सांगा, म्हणजे वाचणाऱ्याला रंगांच्या यादीत शोधाशोध करावी लागणार नाही.

त्याच सेटिंगमध्ये भागाच्या किमान टक्केवारीची एक चौकट आहे. मुळात तिथे २.५ असतं, आणि त्याहून लहान भाग ‘अदर’ या एका तुकड्यात गोळा होतात. एखादा छोटा प्रकार चार्टवरून गायब झाला असं वाटलं तर आधी इथे बघा.

हात बसला की ॲडमिन विभागातून स्वतःचा डेटाबेस जोडा. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (पोस्टग्रेसला सहसा ५४३२, मायएसक्यूएलला ३३०६), डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड एवढं पुरतं. मात्र वापरकर्ता फक्त वाचायचा अधिकार असलेला, वेगळा तयार करा. चार्ट काढणाऱ्या साधनाला लिहिण्या-खोडण्याचा अधिकार देण्याचं काहीच कारण नाही.

खरी मेहनत यानंतर आहे. आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांचा चार्ट मी पहिल्यांदा काढला तेव्हा ‘कादंबऱ्या’ या नावाचे दोन भाग आले. अक्षरं तीच, जोडणी तीच. खूप वेळाने लक्षात आलं की एकाने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून टाइप केलं होतं आणि दुसऱ्याने साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना एकच शब्द, डेटाबेसच्या लेखी दोन. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोळ घालते. मराठी नोंदी असतील तर चार्टच्या आधी प्रकारांची यादी तक्ता म्हणून बघा आणि दुरुस्ती मूळ नोंदीतच करा. शक्य असेल तर टाइप करायची सोय काढून ठरलेल्या यादीतूनच प्रकार निवडायला लावा.

दोन तक्ते जोडताना आणखी सांभाळा. पुस्तकांच्या तक्त्याला देवघेवीचा तक्ता जोडला की वीसदा नेलेलं पुस्तक वीस ओळींत येतं. मग ओळी मोजल्या तर ती पुस्तकांची संख्या राहत नाही, नेण्याची होते. पुस्तकंच मोजायची असतील तर ओळींऐवजी वेगवेगळे पुस्तक क्रमांक किती आहेत ते मोजायला सांगा. मेटाबेसमध्ये तो पर्याय आहे. खात्री करायला पोकळीतला एकूण आकडा मूळ तक्त्यातल्या ओळींशी ताडून बघा. हे मी दरवेळी करतो. एकच पुस्तक दोन प्रकारांत नोंदलेलं असेल तर तो आकडा जुळणार नाही आणि त्या माहितीवर पाय चार्ट काढूही नये.

सरासरीचा पाय चार्टही काढू नका. प्रॉडक्ट्स तक्त्यात रेटिंग आहे. त्याची प्रकारवार सरासरी घेऊन ‘पाय’ निवडलं तर मेटाबेस चार्ट काढून देईल, पण चार सरासऱ्यांची बेरीज म्हणजे काहीच नव्हे. प्रकार न भरलेल्या नोंदी ‘एम्प्टी’ म्हणून दिसतील. त्या गाळू नका, एकूणात त्याही आहेत.

चार्ट जतन करून डॅशबोर्डवर (अनेक चार्ट एकत्र दाखवणाऱ्या पानावर) लावला की नव्या नोंदींप्रमाणे तो बदलत राहतो. वार्षिक अहवालात छापायचा असेल तर त्या दिवशीचं चित्र आणि सोबत आकड्यांची सीएसव्ही फाईल (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाईल) उतरवून घ्या, आणि दोन्हींच्या नावात तारीख घाला.